व्हेस्ट्रीच्या हाती कायदा

सरकारी नोकरीत आमची बरीच वर्षे आदेश काढण्यात आणि ते का पाळले गेले नाहीत याचे खुलासे मागवण्यात गेली. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनचा आरोग्य-इतिहास वाचताना तो आम्हांस फारसा परका वाटला नाही.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतील परिसर आणि त्याचा स्थानिक कारभार पाहणारी सभा ती व्हेस्ट्री. सोहोतील १८५४ च्या पटकीने सहाशेहून अधिक बळी घेतले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने या संस्थांवर आरोग्य अधिकारी व निरीक्षक नेमण्याचे बंधन आले. १८६६ च्या कायद्याने तर खोल्या भाड्याने दिलेल्या घरांची नोंद करणे, एका खोलीत किती माणसांनी राहावे हे ठरवणे, तपासणी करणे हे अधिकारही मिळाले. कागदावर काहीच उणे नव्हते.

उणे होते ते अन्यत्र. १८८४ साली नेमलेल्या शाही आयोगापुढे क्लार्कनवेल पॅरिशची हकिगत आली. घरे ठोक घेऊन खोली-खोलीने भाड्याने देणारे मध्यस्थच तेथे व्हेस्ट्रीचे सभासद होते! आरोग्य अधिकाऱ्याने नोटीस काढायची ती ज्यांच्या हाती त्याची नेमणूक आणि पगार, त्यांच्याच मिळकतीवर. हा पेच नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माइल एंडमध्ये तर सुमारे १,०५,००० वस्तीला निरीक्षक एकच होता. खोल्यांविषयीचे नियम नेटाने राबवल्याबद्दल चेल्सी आणि हॅकनी या दोनच व्हेस्ट्र्यांचे नाव आयोगाने घेतले.

तथापि सारा दोष व्हेस्ट्रीच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याचाही हात अडखळे. एका खोलीत सात माणसे राहतात म्हणून त्यांना बाहेर काढले, तर ती जाणार कोठे? रोजच्या रोज काम शोधणाऱ्या मजुराला गोदीपासून, बाजारापासून लांब राहणे परवडत नसे. म्हणून तो शेजारच्या गल्लीत तशीच खोली धरी आणि तेथली गर्दी वाढे.

लंडन काउंटी कौन्सिलने पुढे वस्ती पाडून नवी घरे बांधण्याचा मार्ग धरला. बेथनल ग्रीनमधील ओल्ड निकोल ही कुप्रसिद्ध वस्ती उठवून तेथे विटांच्या देखण्या इमारती उभारल्या. १९०० साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले. उठवलेल्या सुमारे ५,७०० रहिवाशांपैकी नव्या घरांत राहावयास आले ते अवघे ११.