फटफटीचे इंजिन कुठे ठेवायचे?

सिल्लोडच्या बाजारात जुनी माणसे मोटारसायकलला अजूनही फटफटी म्हणतात. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटते, म्हणून प्रत्येक ‘फट’ सुटा ऐकू येतो. नाव यंत्रानेच सांगितले, लोकांनी फक्त उच्चारले. पण इंजिन दोन चाकांच्या मध्ये, सवाराच्या पायांशी हवे, हे ठरायलाच पंधरा-सोळा वर्षे गेली.

1885 साली डाइमलर आणि मायबाख यांनी बनवलेली पहिली पेट्रोल दुचाकी लाकडी होती. ती आडवी होऊ नये म्हणून बाजूंना दोन छोटी चाके होती. ‘मोटारराड’ या नावाने विकली गेलेली पहिली गाडी 1894 मध्ये म्युनिकला हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी काढली. 1488 सीसीच्या दोन सिलिंडरांतून ताकद मिळे जेमतेम अडीच अश्वशक्ती! पिस्टनचे दांडे आगगाडीच्या इंजिनासारखे थेट मागच्या चाकाला जोडलेले. तेच चाक फ्लायव्हीलचे काम करी, पिस्टन परत ढकलायला रबरी पट्टे आणि थंड करायचे पाणी मागच्या मडगार्डमध्ये. आज हसू येते. पण या माणसांसमोर नमुना होता तो वाफेच्या यंत्राचा. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी आधी इंजिन पुढच्या चाकावर बसवले. वजन वर गेल्याने गाडी घसरे. 1901 मध्ये त्यांनी ते खाली पेडलच्या जागी आणले आणि बहुतेकांपुरता प्रश्न मिटला.

सगळ्यांपुरता नव्हे. 1921 मध्ये म्युनिकलाच मेगोला निघाली. 640 सीसीचे पाच सिलिंडर पुढच्या चाकाच्या आत, ताऱ्यासारखे मांडलेले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांप्रमाणे इथे सिलिंडरच फिरत. इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक. क्लच नाही, गिअर नाही. सिग्नलला थांबायचे तर इंजिन बंद करा, किंवा गोल गोल फिरत राहा. इंजिन चाकात अडकलेले, मग पंक्चर कसे काढणार? त्यासाठी ट्यूब दोन टोकांची, लांब पिशवीसारखी केली, म्हणजे चाक न उतरवता ओढून काढता येई. माझ्या मते ही ट्यूब त्या इंजिनापेक्षा मोठी कल्पना आहे. अशा सुमारे दोन हजार गाड्या बनल्या. टोनी बाउहोफरने 1924 ची जर्मन अजिंक्यपद स्पर्धाही तिच्यावर जिंकली. संग्रहालये हिला ‘विचित्र’ म्हणून वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात. मला ते पटत नाही.

कारण तशीच एक गाडी आमच्या रस्त्यांवर धावली आहे. एन्फिल्डच्या बुलेटमध्ये पेट्रोल इंजिनाऐवजी इटलीच्या लोम्बार्डिनी कंपनीच्या बनावटीचे 325 सीसीचे डिझेल इंजिन बसवले आणि ‘टॉरस’ विक्रीला आली. ग्रीव्हज कंपनी परवान्याने ही इंजिने बनवी. तिची छोटी डिझेल इंजिने औरंगाबादला, चिकलठाण्याच्या वसाहतीत तयार होत. पेट्रोल बुलेट 18 अश्वशक्तीची, ही साडेसहाची. वजन दोनशे किलोच्या आसपास, वेग साठ-पासष्ट, हादरे इतके की आरशात मागचे काही दिसू नये. पण डिझेल स्वस्त होते आणि लिटरला अंतर दुपटीहून जास्त पडे. मोसंबीचा बाग लांब असलेल्या शेतकऱ्याला वेग हवाच कशाला? 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम आले आणि ती थांबली.

मेगोला काचेआड जपलेली आहे. डिझेल बुलेटचे इंजिन मात्र गाडीतून निघून पाण्याच्या पंपाला लागते, सांगाडा भंगारात जातो. गाडी अशी दोन दिशांना गेली की इतिहासाला धरायला काही उरत नाही. म्हणून मी सध्या गाड्यांपेक्षा मिस्त्री शोधतो आणि ते सांगतील तसे लिहून घेतो. वहीतली पहिली नोंद किक मारण्याची आहे: आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, दोन-तीन किका मोकळ्या मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, मग खटका सोडायचा आणि पाय लगेच बाजूला घ्यायचा.