माळवद, चूल आणि वीज

घरातील जळण आणि वीज वाचविणे ही अलीकडच्या काळाने शिकविलेली गोष्ट आहे, असा एक समज रूढ आहे. महिनाअखेर विजेचे बिल हाती पडले म्हणजे गृहस्थाला काटकसर आठवते. दिवे वेळेवर मालवावेत, पंखा उगाच फिरू देऊ नये, येथवर विचार येतो आणि थांबतो. वास्तविक घराला किती इंधन लागावे, हे त्याच्या भिंती, त्याचे छप्पर आणि त्यातील चूल बांधली जाते त्याच वेळी बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते. कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर त्यातून एक मोलाचा, पण काहीसा कठोर धडा मिळतो.

हा मुलूख उन्हाचा. कलबुर्गीच्या काळ्या रानात मे महिन्याचा पारा बेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. बीदर जांभ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील रात्र थोडी सुखाची; पण दुपार तेथेही दुपारच. निसर्गाने उन्हाबरोबर त्यावरचा उपायही जवळच ठेवला होता. जांभा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि वारा लागला म्हणजे कठीण होतो. त्याची जाड भिंत उभारणे सोपे. कलबुर्गीकडे शहाबादी फरशी विपुल. तिच्या लाद्या जमिनीवर पसरल्या म्हणजे पायांना गारवा मिळतो.

बहमनी राज्याची राजधानी प्रथम गुलबर्ग्यास आणि पुढे १४३० च्या सुमारास बीदरला होती. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद पाहावी. अशा वास्तूंच्या मध्यभागी बहुधा मोकळे अंगण असते. येथे मात्र संपूर्ण जागा घुमटांखाली झाकलेली आहे आणि बाजूंच्या रुंद, ठेंगण्या कमानींतून उजेड व वारा आत येतो. बीदर येथे महमूद गावान या वजिराने १४७२ मध्ये बांधलेल्या तीन मजली मदरशातही विद्यार्थ्यांच्या खोल्यांना हवा आणि उजेड मिळेल अशी योजना दिसते. सावली, जाडी आणि वाहता वारा, ही त्या काळच्या स्थापत्याची तीन साधने होती; आणि त्यांपैकी एकालाही इंधन लागत नव्हते.

पाण्याच्या बाबतीत तर ही दृष्टी अधिकच स्पष्ट होते. बीदरच्या पठारावर मुरणारे पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरते आणि खालच्या घट्ट थरावर अडते. ते जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीपर्यंत आणण्याची इराणी पद्धत येथे अवलंबिली गेली. तिला कारेझ म्हणतात. स्थानिक लोक सुरंग बावी म्हणतात. नौबाद येथील कारेझ सुमारे तीन किलोमीटर लांबीचा असून त्यावर ठिकठिकाणी हवेसाठी विहिरीसारखी विवरे खोदलेली आहेत. आज साठ मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी वर काढावयाचे, तर साधारण चाळीस टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. कारेझला खोदताना श्रम लागले, गाळ काढताना लागले. पण पाणी आणताना रोज काही जाळावे लागले नाही.

राजवाडे आणि मदरसे बाजूला ठेवले, तरी सामान्य शेतकऱ्याचे घर याच न्यायाने बांधलेले असे. ते म्हणजे माळवदाचे, अर्थात धाब्याचे घर. दगडमातीच्या दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही जाड भिंती. आत लाकडी खांब आणि तुळया. त्यांवर फळ्या किंवा काटक्या. आणि त्यांवर दीड-दोन फूट जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. खिडक्या थोड्या आणि लहान. उजेडासाठी छतात झरोका. बाहेर ऊन रणरणत असले, तरी ते या मातीतून आत उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर घरातली माणसे अंथरूण घेऊन माळवदावर निजावयास गेलेली असत. मृगाच्या आधी दरवर्षी छतावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. हा या घराचा वार्षिक खर्च. पण तो पैशापेक्षा श्रमाचाच अधिक.

या गार घराला एक दोष मात्र होता, आणि तो स्वयंपाकघरात होता. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे आणि गोवऱ्या हे येथले जळण. उघड्या चुलीत त्याच्या उष्णतेपैकी दहाएक टक्केच भांड्याला लागते. उरलेली हवेत जाते आणि धूर मात्र बंद घरात कोंडतो. शेणाच्या गोवऱ्या झाल्या म्हणजे शेत खताला मुकते, हा आणखी एक तोटा. म्हणजे भिंतीने जे वाचविले, ते चुलीने गमावले. आणि त्याची किंमत स्त्रियांच्या डोळ्यांनी व फुप्फुसांनी चुकविली.

या दोषावर पहिला शास्त्रीय विचार ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण या लोकांच्या तेव्हाच्या राजधानीतच होते. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धूरविरहित चूल सिद्ध केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. जाळ बंद मार्गातून न्यावा, त्या मार्गावर एकापुढे एक भांडी बसवावीत आणि शेवटी धुराड्याने धूर घराबाहेर काढावा, अशी ती योजना होती. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने आपली सुधारित चूल तयार केली, आणि १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला.

तरीही या चुली सर्वत्र टिकल्या नाहीत. कारणे साधी होती. भांडे चुलीच्या तोंडावर नेमके बसले नाही तर धूर फटीतून घरातच येतो. धुराड्यातली काजळी वेळोवेळी काढावी लागते. आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी करून फुगवावयाची असते, तिला चुलीचे तोंड मोकळे लागते. जी सुधारणा भाकरीची अडचण ओळखत नाही, ती प्रयोगशाळेत कितीही यशस्वी ठरली तरी सुगरणीच्या हातून नापास होते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस अनेक गरीब घरांत पोचला. पण सिलिंडर संपला आणि हाती पैसा नसला म्हणजे तुराट्या पुन्हा पेटतात. म्हणून डाळ आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि कुकरचा उपयोग करणे या लहान गोष्टींचे मोल आजही कमी झालेले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ उमटली, तरी रेघेच्या दोन्ही अंगांची घरे एकाच जातीची, जाड भिंतींची आणि मातीच्या माळवदांचीच राहिली. आणि म्हणूनच त्या रेघेपासून फार दूर नसलेल्या किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे घडले, ते या साऱ्या मुलखाला आपलेच वाटले.

अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगाच्या इतिहासात याहून कितीतरी मोठे धक्के नोंदलेले आहेत. येथे एवढी माणसे दगावली, याचे एक मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. दोन फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला टनाच्या आसपास भरते. भिंतीचे आतील आणि बाहेरील दगडी पदर एकमेकांत गुंफलेले नसले, तर धक्क्यासरशी ते सुटतात, आणि ते टनांचे ओझे झोपलेल्या माणसांवर येते. ज्या मातीने उन्हापासून पिढ्यान्‌पिढ्या रक्षण केले, तीच त्या पहाटे काळ ठरली.

यानंतर तज्ज्ञांनी जुन्या घरांसाठी जे उपाय सुचविले, ते आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. छतावरील जास्तीची माती उतरवावी. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर चढवीत जाऊ नये. भिंतीच्या दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध घालावेत. भिंतींना सभोवार पट्टा बांधून त्या एकत्र आवळाव्यात. घर वाचले तरच घरातील बचतीला अर्थ आहे. पण पुष्कळांनी माळवदच सोडून दिले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या जागी पत्रे आले, सिमेंटची स्लॅब आली. कलबुर्गी जिल्ह्यातच वाडी येथे सिमेंटचा मोठा कारखाना असल्यामुळे सिमेंट या भागाला परके नव्हतेच.

नव्या घराने भीती कमी केली. उष्णता मात्र वाढविली. पत्रा क्षणात तापतो. चार-पाच इंचांची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत ओकते. जे काम पूर्वी माती फुकट करीत असे, ते आता पंखा आणि कूलर यांच्यावर पडले, आणि ते विजेच्या मीटरवर उमटू लागले. सीमाभागातील घरांच्या वीजबिलाचा इतिहास अशा रीतीने छपराच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

५ ऑगस्ट २०२३ रोजी कर्नाटक शासनाच्या गृहज्योती योजनेचा औपचारिक प्रारंभ कलबुर्गी येथेच झाला. घराचा २०२२-२३ मधील सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढी वीज दरमहा विनामूल्य. कमाल मर्यादा २०० युनिटांची. आणि वापर २०० च्या वर गेला तर संपूर्ण बिल भरावयाचे, असा नियम तेव्हा ठरला. बिल शून्यावर आले म्हणजे काटकसरीचे कारण संपले, असे कित्येकांस वाटले असेल. परंतु हा नियमच सांगतो की मर्यादेच्या काठावर असलेल्या घरात एकेका युनिटाला महत्त्व आहे. आणि ती मर्यादा ओलांडण्याचा धोका नेमका उन्हाळ्यात असतो.

हिशेब अवघड नाही. ७५ वॉटचा साधा पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो. ३० वॉटचा नवा पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटांच्या आत राहतो. असे तीन पंखे असतील तर महिन्याला ४८ युनिट वाचतात. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटांतच भागवितो. म्हणून पंखा किंवा फ्रीज घेताना किमतीबरोबरच त्याच्यावरील ताऱ्यांची पट्टी वाचणे हे खरे व्यवहारज्ञान होय.

पण उपकरणे बदलण्यापूर्वी छपराकडे पाहावे. स्लॅबवर चुन्याचा दाट पांढरा हात दिला, किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविले, तर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो आणि खालची खोली काही अंशांनी निवते. बीदरला लागूनच असलेल्या तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये अशा शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरणारे झाड, खिडकीवर बाहेरून पडदा किंवा तट्ट्या, आणि रात्री वारा आरपार खेळेल अशी समोरासमोरची उघडी तावदाने, हे उपाय भाड्याच्या घरातही थोडक्या खर्चात होतात. चुन्याचा थर पातळ असतो. तो छपरावर ओझे टाकीत नाही, आणि म्हणूनच तो किल्लारीचा धडा विसरत नाही.

चुना पावसाने धुपतो. तो दरवर्षी द्यावा लागतो. परंतु या मुलखातील माणसाला ही गोष्ट नवी नाही. त्याचा आजा दरसाल मृगाच्या आधी टोपल्यांनी माती वाहून माळवदावर चढत होता. नातवाला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याची बादली घेऊन एक दिवस गच्चीवर चढावयाचे आहे, आणि या खेपेस त्याने वर नेलेले ओझे घरातल्या माणसांच्या डोक्यावर राहणार नाही.