स्वस्तात मिळणारी लक्झरी सेडान : गाडी घेण्याआधी चाकांच्या मागे पाहा

नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली जर्मन सेडान मिळते, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. “भाईजान, एवढ्या पैशांत मर्सिडीज मिळतेय, सोडायची कशाला?” असे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक खानदानात असतो. घेणारा इंजिन ऐकतो, लेदरच्या सीटवर बसून पाहतो, सनरूफ उघडून पाहतो. खाली वाकून चाकांच्या मागे मात्र कोणी पाहत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने अशीच एक गाडी घेतली. हायवेवर ती मखमलीसारखी चालायची, पण गावातल्या रस्त्यावर मागे बसलेल्या अम्मींची कंबर धरायची. दोन महिन्यांत पुढच्या चाकातून टक-टक सुरू झाली. गॅरेजने दिलेला खर्चाचा आकडा त्यांच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. गाडी वाईट नव्हती, पण काय तपासायचे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. म्हणून ही माहिती.

गाडी कडक का लागते?

खड्ड्याचा दणका तीन जागी जिरतो : टायरमध्ये, स्प्रिंगमध्ये आणि शॉकअपमध्ये. टायर छोटे दणके खातो, स्प्रिंग मोठे दणके झेलते आणि शॉकअप स्प्रिंगचे उसळणे थांबवतो. या सगळ्यांना जोडणाऱ्या आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. या साखळीतली एक कडी कडक झाली किंवा झिजली, की उरलेला दणका थेट सीटपर्यंत येतो.

या गाड्या वेगात वळण घेताना स्थिर राहाव्यात म्हणून त्यांची स्प्रिंग मुळातच थोडी कडक ठेवतात. गुळगुळीत रस्त्यावर तो गुण असतो, आपल्या गल्लीत तोच दोष वाटतो. शिवाय नाव मोठे म्हणून खालचा सांगाडाही भारी असेलच असे नाही. २०१८ साली आलेल्या मर्सिडीज ए-क्लासच्या पिढीत लहान इंजिनांच्या गाड्यांना मागे साधा टॉर्शन बीम आहे, तर वरच्या मॉडेलना मल्टिलिंक सस्पेन्शन आहे. बोधचिन्ह एकच, पण चाल वेगळी.

टायरचे गणित

टायरवर २२५/४० आर १८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. आता तीन मापे पाहा :

- २०५/५५ आर १६ : भिंत सुमारे ११३ मि.मी.
- २२५/४५ आर १७ : भिंत सुमारे १०१ मि.मी.
- २२५/४० आर १८ : भिंत ९० मि.मी.

तिन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६३२ ते ६३७ मि.मी. भरतो. म्हणजे रिम मोठे झाले तेवढे रबर कमी झाले. दिसायला १८ इंची चाक रुबाबदार, पण दणका खायला दोन सेंटिमीटरहून जास्त रबर कमी. धारदार खड्ड्यात रिम वाकते किंवा टायरच्या भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांसोबत रनफ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालवता यावी म्हणून त्यांची भिंत जाड आणि ताठ असते. याच ताठपणामुळे छोटे खड्डेही जाणवतात. रनफ्लॅट काढून साधे टायर टाकल्यावर गाडी मऊ लागते, पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, तिची जागाही नसते. रात्री घाटात पंक्चर झाले तर काय करायचे, हे आधी ठरवावे.

स्पीडब्रेकर आणि खाली घासणे

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. दोन चाकांतील अंतर २.८ मीटर असलेली सेडान अशा स्पीडब्रेकरवर चढली, की पुढची-मागची चाकेही त्याच उंचवट्यावर असतात आणि मधल्या भागाला फक्त सहाएक सेंटिमीटर मोकळी जागा लागते. गल्लीतला अरुंद, उभा स्पीडब्रेकर तेवढाच १० सेंटिमीटर उंच असला, तरी तो दोन्ही चाकांच्या मधे येतो आणि पूर्ण दहा सेंटिमीटर जागा मागतो. त्यात पाच माणसे आणि ईदचे सामान भरले, की गाडी आणखी खाली बसते. म्हणून मागे सगळ्यांना बसवूनच ट्रायल घ्यावी.

आवाज आणि दोष

- कमी वेगात छोट्या खड्ड्यांवर टक-टक : बहुतेक वेळा लिंक रॉड.
- ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना ठक : लोअर आर्मचा बुश.
- खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डोलत राहणे : शॉकअप थकलेला.
- स्टेअरिंग फिरवताना कटकट : शॉकअपचे वरचे माउंटिंग किंवा बॉल जॉइंट.
- टायर आतल्या कडेने झिजणे : अलाइनमेंट बिघडलेले, बुश सैल किंवा आर्म वाकलेला.

हे फक्त अंदाज आहेत. खात्री गाडी रॅम्पवर चढवल्यावरच होते.

खर्चाचे खरे कारण

गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी पंधरा लाखांना मिळाली, तरी तिचा आर्म पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. ऑडी ए-४ च्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन वरचे आणि दोन खालचे असे चार आर्म असतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ. काही गाड्यांच्या बुशात तेल भरलेले असते. ते फुटून गळले, की बुश निकामी. कित्येकदा बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, अख्खा आर्म घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक शॉकअप असेल तर बिल आणखी वाढते.

घेण्यापूर्वी

१. वीस मिनिटे खराब रस्त्यावर, खिडक्या खाली करून आणि म्युझिक बंद ठेवून चालवा. फक्त हायवेवर ट्रायल देणाऱ्याला गल्लीत न्यायला सांगा.

२. बाहेरच्या मिस्त्रीकडे रॅम्पवर तपासा. शॉकअपवर नुसती तेलकट धूळ चालते, ओघळ चालत नाही.

३. चारही टायर आतून-बाहेरून पाहा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आहेत का, तेही बघा.

४. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. जास्त हवेने गाडी आपटते, कमी हवेने रिम मरते.

५. दोष निघाला तर पार्टची किंमत विचारून मगच भाव करा.

दुरुस्ती करताना शॉकअप डाव्या-उजव्या जोडीने बदला आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या. गाडी फार कडक वाटत असेल तर कंपनीने त्याच मॉडेलला मान्य केलेले लहान रिम बसते का, ते आधी विचारा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

हौसेला आमचा विरोध नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ज्या गाडीत आरामात बसता येत नाही, तिला लक्झरी म्हणायचे तरी कसे? सौदा पक्का करण्याआधी अम्मी-अब्बांना मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारा. त्यांना त्रास झाला नाही, तर मग बिनधास्त घ्या.