नाव आणि कूळ : नैसर्गिक मारक पेशींच्या शोधाचा इतिहास

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कातकरी समाजाची वस्ती आहे. खैराच्या लाकडापासून कात करणारे ते कातकरी, ही त्या नावाची रूढ व्युत्पत्ती होय. तो धंदा मागे पडला, नाव मात्र राहिले. असे नाव कार्य सांगते. कूळ सांगत नाही. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यास हा भेद परिचित आहे. जीवशास्त्रातही तो किती महत्त्वाचा ठरला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१९७५ साली स्टॉकहोम येथे किसलिंग, क्लाइन व विगझेल यांना असे आढळले की, उंदराच्या प्लीहेतील काही श्वेत पेशी कोणत्याही पूर्वपरिचयावाचून रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मारतात. त्याच वर्षी अमेरिकेत हर्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही अशीच नोंद केली. या पेशींस ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. ‘नैसर्गिक’ म्हणजे पूर्वतयारीवाचून, आणि ‘मारक’ हे त्यांचे कार्य. त्या उपजतात कोठे, याविषयी नाव मौन पाळते.

उत्तर मिळाले ते प्रतिकारशक्तीत न्यून असलेल्या उंदरांकडून. फ्लॅनगन यांनी १९६६ साली वर्णिलेल्या केशहीन ‘नग्न’ उंदरांत यौवनलोपी ग्रंथी (थायमस) नसते, असे पँटेलूरिस यांनी १९६८ साली दाखविले. या ग्रंथीत ‘टी’ पेशी परिपक्व होतात. नग्न उंदरांत त्यांची वाण असूनही मारक पेशी मात्र भरपूर सापडल्या. १९७७ साली हालर व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेचे रोपण केले, तेव्हा मारकशक्तीचे प्रमाण मज्जा देणाऱ्या उंदराप्रमाणे ठरते, घेणाऱ्याप्रमाणे नव्हे, असे दिसून आले. अस्थिमज्जा हेच मूळ, हा निष्कर्ष त्यामुळे दृढ झाला.

१९८३ साली बोस्मा दांपत्याने वर्णिलेल्या उंदरांत ‘टी’ व ‘बी’ या दोन्ही पेशींचा अभाव होता. तथापि मारक पेशी होत्या. १९९५ साली मात्र गॅमा साखळी हा ग्राहकघटक नाहीसा केलेल्या उंदरांत मारक पेशीही आढळेनात. इंटरल्यूकिन-१५ या संदेशद्रव्याची आज्ञा याच घटकाद्वारे पोहोचते.

येथे प्रकरण मिटले असे वाटावे, तोच २००६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी निरोगी उंदरांत मारक पेशींचा एक छोटा गट यौवनलोपी ग्रंथीतूनच येतो, असे दाखविले. नग्न उंदरांत हा गट नसतो. म्हणूनच तो इतकी वर्षे दृष्टीआड राहिला. ग्रंथी अपरिहार्य नाही, हे अनुमान खरे होते. तिचा संबंधच नाही, हे मात्र खरे नव्हते.

मराठीतील ‘काम’ पाहा. कृत्य या अर्थाचा शब्द ‘कर्म’ पासून प्राकृत ‘कम्म’ च्या वाटेने आला. इच्छा या अर्थाचा संस्कृतातून जसाच्या तसा आला. रूप एक, वाटा दोन. एक वाट सापडली म्हणून दुसरी नाही, असे मानता येत नाही. पेशी आणि शब्द यांच्याबाबत ही सावधगिरी हवीच. माणसांच्या समाजांविषयी लिहिताना ती अधिक हवी.