तात्यांची मायनर

आमच्या गुऱ्हाळघराच्या मागं पत्र्याची एक शेड होती. तिच्यात कडब्याच्या पेंढ्या, मोडका नांगर, चिपाडं, आणि त्या सगळ्याच्या खाली तात्यांची मायनर. 1979 साली तिला तिथं ढकलत नेली, ती 2018 पर्यंत तिथंच. मधल्या काळात तिच्यात कोंबड्या खुडूक बसल्या, उंदरांनी सीटचा काथ्या ओढून घरं केली. दारांच्या आतले पुठ्ठे वाळवीनं खाल्ले. पोरं लपंडावात तिच्यात लपायची. विकायचा विषय निघाला की आई म्हणायची, "राहू दे. खायला मागत न्हाई तुला."

तात्या म्हणजे माझे वडील. कऱ्हाडपासून नऊ-दहा मैलांवर कृष्णाकाठच्या आमच्या गावात ते डॉक्टर होते. 1961 साली त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टराकडून ही गाडी घेतली. 1953 सालची मॉरिस मायनर, पुढची काच दोन तुकड्यांची, रंग काळा. त्या वेळी गावात दोनच इंजिनं होती. एक गुऱ्हाळावरचं ऑइल इंजिन, आणि दुसरं हे. लोक गाडीला "डाक्टरची माईनर" म्हणायचे, आणि मायनर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर "लहान पोर" असं सांगायचे. ते अगदीच चूक नव्हतं.

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळं पुढं या गाडीचाही इतिहास शोधत बसलो. दुसरं महायुद्ध चालू असतानाच ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या कारखान्यात अॅलेक इसिगोनिस हा अभियंता एका छोट्या गाडीचे आराखडे काढत होता. त्यानंच पुढं 1959 साली मिनी ही गाडी जन्माला घातली. मायनरचं पहिलं नाव होतं मॉस्किटो, म्हणजे डास. गाडी जवळजवळ तयार झाली आणि इसिगोनिसला वाटलं, ही फार अरुंद दिसते. त्यानं नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन अर्धुकं एकमेकांपासून सरकवून बघितली, आणि चार इंचांवर "हां, आता बरोबर" म्हणाला. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो तो त्या चार इंचांचा. बंपर मात्र आधीच तयार होऊन पडले होते. मग ते मधे कापले आणि जोड देऊन लावले. कापड कमी पडलं की आमचा शिंपी जोड देतो तसंच. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना गाडी अजिबात आवडली नव्हती. पाण्यात फोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले म्हणतात. तरी 1948 च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढं आली, आणि 1960 संपता संपता दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिकडंही ती परिचारिका, सुइणी, खेड्यातले डॉक्टर यांची गाडी म्हणूनच ओळखली गेली. हे वाचलं तेव्हा मला तात्या आठवले.

आपल्याकडं मॉरिसशी करार केला तो हिंदुस्तान मोटर्सनं. 1942 साली गुजरातेत ओखा बंदरात निघालेली ही कंपनी पुढं बंगालात उत्तरपाड्याला गेली. मायनर आपल्या देशात "बेबी हिंदुस्तान" या नावानंही विकली गेली. पुढं मॉरिस ऑक्सफर्डवरून लँडमास्टर आली, तिच्या मागून अँबॅसेडर. ती अँबॅसेडर 2014 पर्यंत निघत होती. म्हणजे आपले मंत्री आणि कलेक्टर पन्नास वर्षं ज्या गाडीत बसले, ती आमच्या मायनरची थोरली चुलतबहीणच.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंतीला चीर गेली. तात्या उजाडायच्या आत पट्ट्या, टिंक्चर, इंजेक्शनं गाडीत भरून पाटणच्या दिशेनं गेले ते तिसऱ्या दिवशी परत आले. गाडीची मागची सीट रक्तानं माखली होती. आईनं ती विहिरीवर नेऊन धुतली. त्या तीन दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही, हे तात्या पुढं कितीतरी जणांना सांगायचे.

ती बंद पडली 1969 च्या पावसाळ्यात, एका रात्री. खालच्या आळीतली एक बाई अडली होती. सुईणीनं हात टेकले तेव्हा तात्यांनी तिला मागच्या सीटवर घेतली, नवरा पुढं बसला. निम्म्या वाटेवर ओढ्याच्या मोरीजवळ इंजिन ठसकलं आणि थांबलं. या गाडीत पेट्रोल ओढायला विजेवर चालणारा छोटा पंप असतो. किल्ली फिरवली की तो टिकटिक करतो, पेट्रोल भरलं की गप्प होतो. त्या रात्री तो टिकटिकलाच नाही. त्याच्या आत दोन पॉइंट असतात, ते जळून चिकटतात. पान्याचा एक टोला दिला तर बहुधा सुटतात, ते तात्यांना ठाऊक होतं. पण पावसात, कंदिलाच्या उजेडात, पॉइंट काही सुटेनात. शेवटी झाकण उघडून ते घासून गाडी सुरू करेपर्यंत तास गेला. बाई कऱ्हाडला पोचायच्या आत गेली. पोटातलं पोरही.

पॉइंट घासायचं काम तात्यांचंच होतं. दर दोन महिन्यांनी ते करायचे. त्या वेळी साथ होती, राहून गेलं. त्या बाईच्या नवऱ्यानं कधी एक शब्दही काढला नाही. उलट दर वर्षी सुगीला शेंगांचं पोतं आमच्या सोप्यात टाकून जायचा. तात्या ते पोतं आलं की त्या दिवशी जेवत नसत.

गाडी त्यानंतर दहा वर्षं चालली, पण तात्यांचं मन उडालं होतं. 1996 साली ते गेले.

मी निवृत्त झालो आणि गाडी बाहेर काढली. पहिली चूक म्हणजे ती शहरातल्या एका गॅरेजला दिली. चौदा महिन्यांनी परत आणली तेव्हा कार्बुरेटर नव्हता आणि वळायची खूण करणारे दोन्ही हातही नव्हते. हे हात म्हणजे मधल्या खांबातून बाहेर पडणाऱ्या नारिंगी पट्ट्या. लहानपणी ते बाहेर यावेत म्हणून आम्ही तात्यांना उगाच वळायला लावायचो. कार्बुरेटर आणि हात पुढं मुंबईच्या चोरबाजारात मिळाले. आमचेच होते की दुसरे, देव जाणे. पैसे मात्र मोजले.

मग गावातल्याच मेस्त्रींना धरलं. त्यांची हयात ऑइल इंजिनांवर गेलेली. ते म्हणाले, "गुर्जी, ह्ये म्हातारं इंजान कशाला? मारुतीचं टाकतो. आठ दिसात रस्त्याला लावतो बघा."

"मेस्त्री, मग तात्यांचं काय राहिलं?"

"पत्रा राहिला की."

मी नको म्हणालो. हे 803 सीसीचं, तीस हॉर्सपॉवरचं इंजिन काही मोठ्या ताकदीचं नव्हे, पुढच्या मायनरांना मोठी इंजिनं दिली ती त्यामुळंच. तरी तेच ठेवायचं ठरवलं. पुढं 2021 साली केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम काढले, त्यात इंजिन, चासी, बॉडीत मोठे बदल केलेली गाडी बसत नाही. ते वाचून दाखवल्यावर मेस्त्री म्हणाले, "म्हंजे तुमचा हट्ट सरकारी निघाला."

इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेलं. ब्लॉक बोअर केला, क्रँक घासला. व्हॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या बसवल्या, कारण जुन्या पेट्रोलात शिसं असायचं, ते बैठकांना जपायचं. 2000 सालापासून ते गेलं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढताना आमचा चार दिवस घाम निघाला. तो पायाखाली, पत्र्याच्या पोकळीत बसवलेला, आणि त्याचे बोल्ट ओढायला गेलं की पुढच्या चाकाचा टॉर्शन बार आडवा येतो. तो बार सरकवल्याशिवाय बोल्ट निघत नाही. मेस्त्रींनी इसिगोनिसच्या सात पिढ्या काढल्या. चाकांच्या सांध्यांतलं ग्रीस दगडासारखं झालं होतं. ते सांधे आटे पाडलेले असतात, ग्रीसविना झिजले तर एखाद्या दिवशी पुढचं चाक आत दुमडून गाडी बसते. ते चारही बदलले.

थोडे बदल केले, ते असे की उद्या कुणाला काढायचे झाले तर काढता यावेत. पुढं दोन पट्टे बसवले. हात ठेवलेच, पण मागच्या ट्रकवाल्याला ते कळणार नाहीत म्हणून लुकलुकणारे दिवेही दिले. डायनॅमोच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर लावला. इथं एक गंमत झाली. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, आत्ताच्या गाड्यांत मायनस. मेस्त्रींनी अल्टरनेटर लावला आणि सवयीनं जुनी तार होती तशी जोडली. चर्र झालं, धूर निघाला, डायोड गेले. मेस्त्री धुराकडं बघत म्हणाले, "इंग्रज गेलं, पर उलटं वागायचं सोडलं न्हाई." मग बॅटरी फिरवली, कॉइलच्या तारा अदलाबदल केल्या, दुसरा अल्टरनेटर आणला.

पंप मी सगळ्यात शेवटी हातात घेतला. तो दोन महिने टेबलावर कागदात गुंडाळून पडला होता. त्याचा पडदा वाळून तडकलेला. आणि आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं. गुऱ्हाळामागं चाळीस वर्षं सांभाळलेल्या गाडीला शेवटी उसानंच धोका द्यावा, याला काय म्हणावं. माझा एक विद्यार्थी इंग्लंडात असतो, त्यानं नवा पडदा आणि पॉइंटांच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट पाठवलं. बाहेरची पितळी-लोखंडी खोळ तात्यांची, आतलं नवं. जळायला पॉइंटच नाहीत. पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. जुने पॉइंट मी काढले तेव्हा त्यांच्यावर घासल्याच्या बारीक रेघा होत्या. पॉलिश पेपरच्या, सरळ, एकासारख्या एक. तात्यांनी त्या रात्रीनंतर ते किती वेळा घासले असतील कोण जाणे, पत्रा कागदासारखा झाला होता.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आईला पुढं बसवलं. तिचं वय त्या वेळी शहाऐंशी. मेस्त्री मागं. कऱ्हाडच्या वाटेला लागलो. आता रस्ता डांबरी, दोन्हीकडं ऊस. ओढ्यावरची मोरी पाडून मोठा पूल झालाय. तरी आईनं जागा ओळखली.

"थांबव."

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. ती खाली उतरली नाही. ओच्यातून मूठभर शेंगा काढल्या आणि काचेतून हात बाहेर काढून पुलाच्या कठड्यावर ठेवल्या. मेस्त्रींनी टोपी काढली. एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत गेला, त्याचा धुरळा बसेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग आई म्हणाली, "किल्ली फिरव."

मी फिरवली. तिनं कान पुढं केला.

"वाजतोय?"

"वाजतोय."

"मग चल."