खेळाच्या कुलपाची कुळकथा

पडद्यावर राजपुत्र उभा आहे. खोलीत जागोजागी कुप्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीच्या वर एक इंग्रजी अक्षर आहे, आणि खाली सूचना आहे: अमुक पानावरच्या तमुक ओळीतला शब्द पाहा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या १९९० सालच्या डॉस आवृत्तीतली ही खोली. त्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली कुपी प्यायली की दार उघडायचं. चुकीची प्यायली की निम्मी ताकद जायची. शब्द होता खेळाबरोबर मिळणाऱ्या छापील पुस्तिकेत. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीसोबत ती पुस्तिका कुठून येणार?

खेळाला कुलूप घालायची सुरुवात मात्र कागदापासून झालेली नाही. पहिलं कुलूप फ्लॉपीवरच होतं. फ्लॉपीवरची माहिती ट्रॅक आणि सेक्टरच्या ठरलेल्या आखणीत बसते, आणि नक्कल करणारी साधी आज्ञा ती आखणी धरूनच चालते. म्हणून प्रकाशक मुद्दाम एखादा सेक्टर बिघडवून ठेवत. खेळ सुरू होताना ती खोड जागच्या जागी आहे का, हे तपासलं जाई. नकलेत खोड उतरलेली नसे. पण १९८१मध्ये ॲपल टू संगणकासाठी ‘लॉकस्मिथ’ नावाचा प्रोग्राम आला आणि अशा फ्लॉपींच्याही नकला निघू लागल्या. पुढे घरोघरी हार्ड डिस्क आली, तेव्हा दर वेळी मूळ फ्लॉपी घालणं विकत घेणाऱ्यालाच जाचू लागलं.

मग कुलूप डिस्कच्या बाहेर आलं. ‘सिमसिटी’बरोबर उत्तरं छापलेला गडद लाल कागद मिळे, कारण झेरॉक्समध्ये तो नुसता काळा उमटायचा. ‘मंकी आयलंड’बरोबर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या असत, एकीवर चाच्यांच्या चेहऱ्यांचा वरचा अर्धा भाग, दुसरीवर खालचा. पडद्यावरचा चेहरा जुळवला की खिडकीत साल दिसे, तेच उत्तर. ही चकती म्हणजे कुलूपच एक खेळ झालेलं होतं. मला ती या सगळ्या कुळातली सर्वांत देखणी वाटते. सगळेच प्रयोग असे जमले नाहीत. १९८५मध्ये स्पेक्ट्रम संगणकावरच्या ‘एलिट’बरोबर लेन्सलॉक नावाचं प्लॅस्टिकचं भिंग दिलं होतं. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं त्यातून वाचायची. काही खोक्यांत दुसऱ्याच खेळाचं भिंग गेलं, आणि रोख पैसे मोजलेली माणसं दाराबाहेर राहिली.

सीडी आली तेव्हा काही वर्षं कुलपाची गरजच उरली नाही. साडेसहाशे एमबी उतरवून घ्यायला घरी जागा नव्हती आणि रायटरही नव्हता. रायटर स्वस्त झाले आणि १९९८च्या सुमारास ‘सेफडिस्क’ आलं. बिघडवलेल्या सेक्टरची जुनीच युक्ती, पण आता खेळाची मुख्य फाइलही कूटबद्ध, आणि तपासणीत हात थेट विंडोजच्या पोटातल्या ‘सेकड्राइव्ह’ या ड्रायव्हरचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ याच कुलपात होता. २००७मध्ये या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं. २०१५मध्ये विंडोज १०ने सेफडिस्कला जागाच दिली नाही, आणि त्याच सप्टेंबरात आलेल्या सुधारणेने विंडोज ७ आणि ८वरही तो ड्रायव्हर बंद केला. सीडी अस्सल, पावती अस्सल, तरी खेळ उघडेना. नक्कल करणाऱ्याने कुलूप केव्हाच तोडलेलं होतं. अडकला तो विकत घेणारा.

जुन्या खेळांची बाकीची दुखणी बरी होण्यासारखी निघाली. ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी लिहिलेले खेळ नव्या यंत्रावर वाऱ्यासारखे पळत. २००२पासून डॉसबॉक्स हा प्रोग्राम त्यांना आवरतो. कुलपाचं दुखणं कायद्यात शिरलेलं असल्याने अवघड आहे. अमेरिकेत कुलूप तोडणं हाच गुन्हा होता. २००३मध्ये तिथे कालबाह्य माध्यमांवरच्या आणि मूळ डिस्क मागणाऱ्या खेळांना सूट मिळाली.

कागदाचं कुलूप मात्र आजही उघडतं, कारण ते माणसाने वाचायचं होतं. तुमच्या माळ्यावर एखाद्या खेळाचं जुनं खोकं असेल तर रद्दीत घालण्याआधी आतली पुस्तिका, लाल कागद, चकती बाहेर काढा आणि पानन् पान स्कॅन करून ठेवा.