उसनी कीर्ती आणि अनुभवाचा प्रश्न

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या भायखळा-परळ भागात जी निवडणूक झाली, ती आपण दोन वाक्यांत संपवतो. बाबासाहेब निवडून आले आणि काँग्रेसचा उमेदवार पडला. पडलेला उमेदवार कोण होता हे सांगताना मात्र आपली जरा घाई होते. तो उमेदवार म्हणजे पालवणकर बाळू. हिंदुस्थानच्या क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज आणि जातीने चांभार. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघ्या २,०२० मतांचा.

एका बाजूला १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात बसलेला, महाडचे तळे आणि काळाराम मंदिराचा लढा चालवलेला, तिन्ही गोलमेज परिषदा गाजवलेला विद्वान. दुसऱ्या बाजूला साठीला टेकलेला एक माजी खेळाडू. कायदेमंडळाच्या कामाचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. तरीही त्यांना अकरा हजारांवर मते मिळाली. ही मते काँग्रेसची होती, हे खरेच. पण मग काँग्रेसने नेमके बाळूंनाच का शोधून काढले? बाळूंना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामुळे आपल्याला काहीच कळत नाही. कळायचे असेल तर बाळूंची कीर्ती कशी घडली हे आधी पाहावे लागेल.

बाळूंचे घराणे कोकणातल्या पालवणचे. वडील सैन्याच्या नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. तिथे पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते गेले तेव्हा पगार चार रुपये झाला. जाळे लावायचे, खेळपट्टी करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाच्या फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, व्यवहार खरा होता. गोऱ्यांनी त्यांच्या हाती चेंडू दिला, बॅट दिली नाही. फलंदाजी हा मालकाचा खेळ आणि गोलंदाजी ही चाकराची मजुरी.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदूंना बाळू हवे झाले. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताने झेलत. त्या चेंडूचा विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत सापडते? ते स्मृतीत नाही, ते गरजेत सापडते. सवर्ण समाजाला जेव्हा अस्पृश्याच्या हाताची गरज पडते, तेव्हा तो हात तेवढ्यापुरता शुद्ध होतो. काम संपले की तोच हात पुन्हा अस्पृश्याचा.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवराम होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळदा हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तो सत्कार करणाऱ्या माणसांच्या मनात काय असेल? ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे शास्त्री सांगत, त्याच्यापुढे राज्यकर्त्यांच्या देशातले फलंदाज चाचपडले, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळले होते. हा अभिमान पोकळ नव्हता. ज्यांना कुठेच माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांच्यापैकी एकाच्या नावापुढे आकडा छापून आला होता आणि तो आकडा कोणालाही खोडता येत नव्हता.

तरीही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ संघातून बाहेर पडले. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठीतले आत्मवृत्त १९४८ चे आहे. दलित आत्मकथनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ते एकदा तरी उघडून पाहावे.

म्हणजे कीर्ती बाळूंची, पण तिच्यावर हक्क सांगणारे दोन. एक त्यांचा समाज, ज्याने ती आपली मानली. दुसरा हिंदू समाज, ज्याने ती वापरली. राजकारणात हीच ओढाताण पुढे चालू राहिली. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३३ मध्ये ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत हिंदुमहासभेच्या वतीने उभे राहिले आणि पडले. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंनी विरोधी मत दिले. मग १९३७ आले. पुणे कराराने राखीव जागा वाढल्या होत्या, पण मतदार संयुक्त होते. राखीव जागेवर कोण बसणार हे केवळ अस्पृश्यांच्या हाती राहिले नव्हते. बाबासाहेबांना पाडायचे तर सवर्ण उमेदवार तिथे उभा करता येत नव्हता. अस्पृश्यच लागत होता. तोही असा, की ज्याच्या नावाचा अस्पृश्यांनाही अभिमान आणि सवर्णांनाही आदर. असे नाव मुंबईत एकच होते. त्यातच बाबासाहेब महार आणि बाळू चांभार. आपल्यातल्या भिंती आपण पाडल्या नव्हत्या, म्हणून त्या भिंतींचा उपयोग दुसऱ्याला करता आला. हे कबूल करायला आपल्याला लाज वाटते, म्हणूनच ते लिहून ठेवले पाहिजे.

आता एक दुसरी निवडणूक पाहू. देश वेगळा, काळ वेगळा, पण प्रश्न आपल्या ओळखीचा. १९६० साली अमेरिकेत रिचर्ड निक्सन आणि जॉन केनेडी समोरासमोर होते. निक्सन आठ वर्षे उपाध्यक्ष होते आणि ‘अनुभव’ हाच त्यांच्या प्रचाराचा मंत्र होता. केनेडी ४३ वर्षांचे, म्हणून त्यांना पोरसवदा ठरवणे सोयीचे. वास्तविक दोघेही १९४७ च्या जानेवारीत एकाच वेळी काँग्रेसमध्ये दाखल झाले होते. त्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांना पत्रकारांनी विचारले, की निक्सन यांची एखादी मोठी कल्पना तुम्ही अमलात आणली का? आठवडाभराची मुदत दिलीत तर एखादी आठवेल, अशा आशयाचे उत्तर अध्यक्षांनी दिले. अनुभवाच्या घोषणेतली हवा घरच्याच माणसाने काढली.

या निक्सन यांच्यासाठी प्रचाराला उतरले जॅकी रॉबिन्सन. जॉर्जियातल्या कुळाचे पोर, गुलामाचा नातू. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळायला उतरले. सुमारे साठ वर्षे गोऱ्यांनी बंद ठेवलेले बेसबॉलचे दार त्या दिवशी उघडले. शिव्या आल्या, चेंडू अंगावर आले, ठार मारण्याच्या धमक्या आल्या. उलट हात उगारायचा नाही, या अटीवर त्यांना संघात घेतले होते. हा माणूस मुळात गरीब गाय नव्हता. १९४४ मध्ये सैन्यात असताना बसमध्ये मागे बसायला त्यांनी नकार दिला, त्याबद्दल लष्करी खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

रॉबिन्सन यांना कोणी विकत घेतले नव्हते. आधी ते डेमोक्रॅट पक्षातल्या हम्फ्रींच्या बाजूने होते. केनेडींवर त्यांचा अविश्वास होता, कारण केनेडींनी अलाबामाच्या वर्णभेदी गव्हर्नराला घरी न्याहारीला बोलावले होते. शिवाय काळ्यांच्या प्रश्नांची आपल्याला फारशी माहिती नाही, असे केनेडींनी त्यांच्याजवळ मान्य केले होते. उलट निक्सन यांनी १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला साथ दिली होती. ज्याला माहिती नाही त्याच्यापेक्षा ज्याला अनुभव आहे तो बरा, असा रॉबिन्सन यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा दिसत नव्हता. त्यासाठी नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन ते गावोगाव फिरले.

१९ ऑक्टोबरला अटलांटातल्या एका दुकानात सत्याग्रह करताना मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. वाहन परवान्याच्या जुन्या किरकोळ खटल्याचे निमित्त काढून त्यांना चार महिने सक्तमजुरी सुनावण्यात आली आणि रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेण्यात आले. दक्षिणेतल्या तुरुंगात काळ्या माणसाचे काय होऊ शकते, हे सगळ्यांना माहीत होते. केनेडींनी किंग यांच्या पत्नीला फोन केला. त्यांचे भाऊ रॉबर्ट न्यायाधीशांशी बोलले. किंग सुटले. रॉबिन्सन निक्सन यांच्याकडे गेले आणि काहीतरी बोला म्हणून त्यांनी विनवले. निक्सन बोलले नाहीत. तो दिखाऊपणा ठरेल, असे त्यांचे म्हणणे. रॉबिन्सन खोलीबाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, असे त्या प्रचारात असलेल्यांनी नोंदवले आहे.

मतदानापूर्वीच्या रविवारी त्या फोनची हकीकत छापलेली पत्रके काळ्यांच्या चर्चमधून लाखांनी वाटली गेली. गॅलपच्या मोजणीनुसार १९५६ मध्ये आयसेनहॉवर यांना गोऱ्यांखेरीज इतर मतदारांची ३९ टक्के मते होती. १९६० मध्ये निक्सन यांना ३२ टक्के मिळाली. ६ कोटी ८८ लाख मतांत हारजीत सव्वा लाखाच्याही आतली होती. एवढा मोठा खेळाडू पाठीशी असून मतदार त्याच्या मागे गेले नाहीत. रॉबिन्सन यांच्यावरचे त्यांचे प्रेम कमी झाले नव्हते. फक्त त्यांना प्रेम आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या. परळच्या मतदारांनीही १९३७ मध्ये हेच केले होते.

इथे अनुभवाचा प्रश्न नीट तपासला पाहिजे. १९६० मध्ये अनुभव हे प्रस्थापिताचे हत्यार होते. आठ वर्षांच्या अनुभवातून निक्सन काय शिकले? गोऱ्या दक्षिणेची मते कशी गमवायची नाहीत एवढेच. १९३७ मध्ये मात्र अनुभवी माणूस बंडखोर होता आणि अननुभवी माणूस प्रस्थापितांनी उभा केलेला होता. तेव्हा सवर्णांना अनुभवाची महती आठवली नाही. अनुभव हवा की नको हे ते आपल्या सोयीने ठरवतात. दलिताला पद देण्याची वेळ आली की अनुभव कुठे आहे म्हणून विचारायचे आणि अनुभवी दलित पुढे आला की त्याच्यासमोर एक लोकप्रिय नाव उभे करायचे. १९५२ मध्ये तर लोकप्रिय नावाचीही गरज उरली नाही. उत्तर मुंबईत काजरोळकरांनी बाबासाहेबांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा पहिला कायदेमंत्री. त्याच्या अनुभवाची किंमत एवढी झाली.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याला अडचणीची आहे. आपल्या साहित्यात ‘अनुभव’ हा शब्द आपण फार मोठा केला. जो भोगतो तोच बोलू शकतो, असे आपण म्हणालो, आणि सवर्ण सहानुभूतीच्या विरोधात ते म्हणणे आवश्यकच होते. मग बाळूंनी भोगले नव्हते काय? मातीच्या भांड्यातला चहा त्यांनी प्यायला होता. रॉबिन्सन यांनी भोगले नव्हते काय? भोगण्यात ते कोणालाही हार जाणारे नव्हते. तरी एक जण बाबासाहेबांसमोर उभा राहिला आणि दुसरा निक्सन यांच्या बाजूला. म्हणजे जखम असणे पुरेसे नाही. जखम कोणत्या व्यवस्थेने केली हे ओळखणारी जाणीव लागते आणि त्या जाणिवेमागे संघटना लागते. बाळूंच्या आणि बाबासाहेबांच्या अनुभवाचा मूळ धागा एकच. बाळूंना वाटले, आपण श्रेष्ठ खेळून दाखवले तर हिंदू समाज हळूहळू मोठ्या मनाचा होईल. बाबासाहेबांनी ओळखले, की मोठ्या मनाची वाट पाहणे हीच गुलामी आहे. अनुभव एक, निष्कर्ष दोन.

रॉबिन्सन यांनी आपला निष्कर्ष बदलला. १९६४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात नागरी हक्क कायद्याला विरोध करणाऱ्या गोल्डवॉटर यांचा जयघोष त्यांनी ऐकला आणि आपण कुठे उभे आहोत हे त्यांना दिसले. १९६८ मध्ये ते निक्सन यांच्या विरोधात होते. १९६० चा निर्णय आपल्या चांगल्या निर्णयांपैकी नव्हता, असे त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले. ते पुस्तक १९७२ चे. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव आपल्या तरुणांनी उचलले, पण त्या पिढीच्या आधीचा हा बेसबॉलपटू आपल्याकडे कोणी फारसा वाचला नाही.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची दीक्षा त्यांनी पाहिली नाही. त्यांना आपण काय म्हणायचे? मला वाटते, बाबासाहेबांविरुद्धची उमेदवारी विसरायची नाही आणि ११४ बळीही विसरायचे नाहीत. ते बळी घेणारा हात आपला होता. तो हात दुसऱ्यांनी धरून आपल्याच माणसावर उगारला. असे हात प्रत्येक पिढीत तयार होतात; मैदानावर होतात, रंगभूमीवर होतात, साहित्यातही होतात. त्यांचे कौतुक करायला आपण कधी चुकत नाही. पण मत देताना परळच्या त्या मतदारासारखे विचारायला हवे: बाबा रे, तुझ्यावर माझा जीव आहे, पण तुला इथे कोणी उभे केले?